बेनेडिक्टचं द्रावण नेमकं काय ओळखतं?

तीन परीक्षानळ्या घ्या. एकीत स्वच्छ पांढऱ्या साखरेचं पाणी, दुसरीत गुळाचं पाणी आणि तिसरीत पाण्यात कालवलेला मध. प्रत्येकीत बेनेडिक्टचं निळंशार द्रावण घाला आणि नळ्या उकळत्या पाण्यात उभ्या करा. पाचेक मिनिटांत मधाच्या नळीत विटकरी गाळ धरतो. गुळाच्या नळीचा रंगही पालटत जातो. साखरेची नळी मात्र निळी ती निळीच.

शर्करा शोधण्यासाठी शंभराहून अधिक वर्षं जगभर वापरलं गेलेलं हे द्रावण आपल्या स्वयंपाकघरातल्या साखरेला ओळखत नाही. यात द्रावणाचा काही दोष नाही. त्याला गोडीशी देणंघेणं नसतं. रेणूच्या रचनेतली एक विशिष्ट गोष्ट तेवढी ते टिपतं. ती गोष्ट कोणती हे कळलं, की चहातली साखर, गुऱ्हाळातला गूळ, मधुमेही माणसाची लघवी आणि तान्ह्या बाळाचा एक दुर्मीळ आजार या सगळ्यांचा उलगडा एकाच धाग्यानं होतो. ती न कळता नुसता रंग वाचला, तर हीच चाचणी चांगलीच दिशाभूल करू शकते.

बाटलीतली तीन रसायनं

बेनेडिक्टच्या द्रावणात महागडं असं काहीच नाही. एक लिटर द्रावणाला 17.3 ग्रॅम कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद, 173 ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि 100 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट लागतं. बाकी सगळं पाणी. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचाच सोडा, फक्त पाण्याचा अंश काढून टाकलेला. मोरचूद तर नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या चांगल्या ओळखीचं. चुन्याच्या निवळीत मिसळून ते त्याचं बोर्डो मिश्रण करतात आणि वेलीवरच्या केवडा रोगासाठी फवारतात. द्रावणाचा निळा रंग या मोरचुदातल्या तांब्याचा असतो.

या चाचणीत खरं काम तांबं करतं. सोडा घालायचा तो द्रावण अल्कधर्मी व्हावं म्हणून, कारण शर्करेचा रेणू अल्कधर्मी पाण्यात तांब्याशी चटकन क्रिया करतो. पण इथं एक अडचण येते. मोरचुदाच्या पाण्यात नुसता सोडा टाकला तर तांबं निळसर गाळ होऊन तळाशी बसतं आणि तापवल्यावर तो गाळ काळा पडतो. मग शर्करेनं काय केलं हे दिसायचं कसं? सायट्रेट लागतं ते यासाठी. जत्रेच्या गर्दीत आईनं बोट धरलेलं मूल हरवत नाही, पण समोर आजी दिसली की बोट सोडून तिच्याकडे जातं. सायट्रेट तांब्याच्या आयनाला तसंच धरून ठेवतं. सोड्यापायी त्याचा गाळ होऊ देत नाही, मात्र शर्करा समोर आली की तांबं तिच्याशी क्रिया करायला मोकळं असतं.

म्हणूनच सायट्रेट मोरचुदाच्या वजनाच्या दहापट घेतात. द्रावण करण्याचा क्रमही ठरलेला आहे. सायट्रेट आणि सोडा गरम पाण्यात आधी विरघळवून, गाळून घ्यायचे. मोरचुदाचं पाणी वेगळं करून त्या द्रावणात बारीक धारेनं, ढवळत ढवळत सोडायचं. असं तयार झालेलं द्रावण बाटलीत महिनोन्‌महिने टिकतं.

शर्करा देते, तांबं घेतं

ग्लुकोजचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ कड्याच्या आकारात मिटलेला असतो. शंभरातला एखादाही रेणू एका वेळी उघड्या साखळीच्या रूपात सापडत नाही. पण कडं उघडलं, की साखळीच्या टोकाशी अल्डिहाइड गट मोकळा होतो. या गटाला इलेक्ट्रॉन देऊन टाकायची ओढ असते आणि तापलेल्या अल्कधर्मी द्रावणात तांब्याचा आयन ते घ्यायला तयारच असतो. उघडे रेणू खर्च होतात तसतसे मिटलेले रेणू उघडत राहतात, आणि पाहता पाहता सगळी शर्करा कामाला लागते.

दोन धनभार असलेला तांब्याचा निळा आयन इलेक्ट्रॉन मिळाल्यावर एक धनभाराचा होतो. त्याचं क्युप्रस ऑक्साइड बनतं. हे संयुग पाण्यात विरघळत नाही आणि त्याचा रंग विटेसारखा लाल असतो. इलेक्ट्रॉन मिळण्याच्या या क्रियेला क्षपण म्हणतात, म्हणून तांब्याचं क्षपण घडवणाऱ्या शर्करांना क्षपणकारी शर्करा असं नाव आहे. बेनेडिक्टचं द्रावण ओळखतं ते हेच, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला मोकळं असलेलं टोक.

आता यादी लावून पाहू. ग्लुकोजला असं टोक आहे. फ्रुक्टोजमध्ये अल्डिहाइडऐवजी कीटोन गट असतो, पण अल्कधर्मी द्रावणात त्याचा रेणू रूप पालटतो आणि तोही तांब्याचं क्षपण करतो. मधात मुख्यत्वे या दोनच शर्करा असतात, त्यामुळे त्याची नळी भराभर लाल होते. दुधातलं लॅक्टोज आणि मोड आलेल्या धान्यातलं माल्टोज यांच्यात दोन घटक एकमेकांना जोडलेले असले, तरी त्यातल्या एकाचं टोक मोकळं राहतं. त्यामुळे दोन्ही चाचणीत सापडतात.

आपली साखर म्हणजे सुक्रोज. तीही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीतूनच बनते. फरक एवढाच, की ही जोडी जमताना दोघांची उघडणारी टोकंच एकमेकांत अडकतात. द्यायला काही मोकळं उरतच नाही आणि नळी निळी राहते.

हे पडताळून पाहता येतं. साखरेच्या पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब घालून ते काही मिनिटं उकळा. थंड झाल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत त्यात खायचा सोडा घाला, म्हणजे आम्ल मारलं जाईल. आता बेनेडिक्टचं द्रावण घालून तापवा. मघाशी निळी राहिलेली तीच साखर या वेळी विटकरी गाळ देते, कारण आम्लानं जोडी फोडलेली असते. भाताच्या पेजेवरही असाच प्रयोग होतो. नुसती पेज निळी राहते, कारण स्टार्चच्या लांबलचक साखळीत मोकळं टोक जवळजवळ नसतंच. तिच्यात थोडी लाळ मिसळून पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवली, की लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडून माल्टोज मोकळं करतं आणि रंग पालटतो. भाकरी बराच वेळ चावल्यावर गोड का लागते, याचं उत्तर त्या नळीत दिसतं.

एकाच उसाची दोन उत्तरं

साखर आणि गूळ दोन्ही उसाच्याच रसाचे, तरी चाचणीत त्यांची उत्तरं वेगळी येतात. साखर कारखान्यात सुक्रोजचे स्फटिक वेगळे काढतात आणि बाकीचं सगळं मळीत जातं. गुळात मात्र रस आटवून सगळंच एकत्र राहतं. रसातलं काही सुक्रोज आधीच फुटलेलं असतं आणि काही काहिलीत आटताना उष्णतेनं आणि रसाच्या आंबटपणानं फुटतं. त्यातून निघालेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज गुळात उतरतं.

उसाच्या धंद्यात या क्षपणकारी शर्करेचं प्रमाण हा फार मोलाचा आकडा आहे. ऊस तोडल्यापासून त्यातलं सुक्रोज फुटू लागतं. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, गाड्या ताटकळल्या, की क्षपणकारी शर्करा वाढते. तिचे साखरेसारखे स्फटिक होत नाहीत, उलट ती सुक्रोजच्या स्फटिकांनाही आडकाठी करते. म्हणजे शेतकऱ्यानं पिकवलेली साखर पोत्यात न येता मळीत जाते. गुऱ्हाळात गुळव्या रसात चुन्याची निवळी टाकतो, त्यामागेही हेच आहे. आंबटपणा मारला की सुक्रोज कमी फुटतं आणि ढेप कडक बसते. क्षपणकारी शर्करा वाढली, की ती हवेतला ओलावा ओढते आणि गूळ पावसाळ्यात पाघळू लागतो.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत ही शर्करा मोजायला बेनेडिक्टऐवजी त्याचा थोरला भाऊ शोभेल असं फेलिंगचं द्रावण वापरायची रीत आहे. 1923 मध्ये लेन आणि आयनन या दोघांनी मिथिलीन ब्लू हा दर्शक वापरून घालून दिलेली पद्धत त्यासाठी प्रसिद्ध आहे. तत्त्व मात्र तेच, तांब्याचं क्षपण.

फेलिंग असताना बेनेडिक्ट कशाला?

लघवीतली गोडी ही माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक असलेली खूण आहे. मधुमेही माणसाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत आहे. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकात ही गोडी नोंदवली. 1776 मध्ये लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनी अशी लघवी आटवून मागे उरणारा पदार्थ साखरच असल्याचं दाखवलं. पण आटवणं आणि चाखणं म्हणजे चाचणी नव्हे. 1841 मध्ये जर्मनीत ट्रॉमर यांनी मोरचूद आणि अल्कली यांचा उपयोग केला. 1849 मध्ये हेर्मान फॉन फेलिंग यांनी त्याला पक्कं रूप दिलं आणि शर्करा किती आहे हे मोजायची पद्धत बसवली.

फेलिंगच्या द्रावणात तांब्याला धरून ठेवायला टार्टरेट असतं आणि अल्कली म्हणून जळजळीत कॉस्टिक सोडा. त्यामुळे त्याच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकत्र करून ठेवलं तर द्रावण बिघडतं. त्याहून मोठी अडचण लघवीत येते. शर्करा अगदी थोडी असेल तर तीव्र कॉस्टिक सोडा तांब्याशी क्रिया होण्याआधीच तिचा काही भाग मोडून टाकतो. शिवाय लघवीत नेहमीच असणारे युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन हेही अशा तीव्र द्रावणात लुडबुड करतात. म्हणजे शर्करा असून दिसत नाही आणि नसताना भास होतो.

अमेरिकेतल्या स्टॅन्ली रॉसिटर बेनेडिक्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञानं नेमकं इथं बोट ठेवलं. 1884 मध्ये सिनसिनाटीला जन्मलेल्या बेनेडिक्टनं येल विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि पंचविशीत असतानाच, 1908-09 मध्ये, हे नवं द्रावण प्रसिद्ध केलं. कॉस्टिक सोड्याच्या जागी त्यानं सौम्य सोडियम कार्बोनेट आणलं आणि टार्टरेटच्या जागी सायट्रेट. एवढ्या दोन बदलांनी द्रावण एकाच बाटलीत टिकू लागलं, शर्करेची नासाडी थांबली आणि लघवीतले इतर घटक फारसे आड येईनासे झाले. पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात तो प्राध्यापक झाला. 1920 पासून 1936 मध्ये मृत्यू येईपर्यंत जीवरसायनशास्त्रातल्या एका अग्रगण्य अमेरिकन नियतकालिकाचं संपादनही त्यानं केलं. इतकं काम करूनही जगाला त्याचं नाव माहीत आहे ते या निळ्या बाटलीमुळे.

रंग वाचायचा कसा

लघवीसाठी ठरलेली रीत अशी: 5 मि.लि. द्रावण, 8 थेंब लघवी, दोन मिनिटं उकळी किंवा पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, आणि मग थंड होऊ द्यायचं. सुरुवातीला नुसतं द्रावण उकळून घ्यायचं असतं. तेवढ्यानंच रंग बदलला तर द्रावणच खराब आहे.

नळी उजेडात धरून पाहिली तर बदल एका दमात होत नाही. आधी निळं पाणी किंचित गढुळतं. मग हिरवट झाक येते. हा हिरवा कुठल्याही हिरव्या पदार्थाचा नसतो. क्युप्रस ऑक्साइडचे बारीक पिवळसर कण निळ्या पाण्यात तरंगत असतात आणि डोळ्याला हिरवं दिसतं. शर्करा जास्त असेल तर निळा संपत जातो आणि पिवळा वर येतो. कण मोठे आणि दाट झाले की नारिंगी आणि शेवटी विटकरी. नळी थोडा वेळ स्थिर ठेवली की लाल गाळ तळाशी बसतो. ठोकताळा असा, की हिरव्याला सुमारे 0.5 टक्के, पिवळ्याला 1 टक्का, नारिंगीला 1.5 टक्के आणि विटकरीला 2 टक्के किंवा त्याहून जास्त शर्करा.

हा ठोकताळा रीत तंतोतंत पाळली तरच खरा ठरतो. पुस्तकातल्या समीकरणात ग्लुकोजचा एक रेणू तांब्याच्या दोन आयनांचं क्षपण करतो. प्रत्यक्ष नळीत ग्लुकोज अल्कलीनं मोडत जातं आणि त्याचे तुकडेही तांब्याला इलेक्ट्रॉन देत राहतात. त्यामुळे समीकरणापेक्षा कितीतरी जास्त तांबं वापरलं जातं, आणि किती जास्त हे उकळण्याची वेळ, उष्णता आणि प्रमाण यांवर ठरतं. बेनेडिक्टनं 1911 मध्ये मोजणीसाठी वेगळं द्रावण दिलं. त्याच्या 25 मि.लि.चा निळा रंग पुरता जायला 50 मि.ग्रॅ. ग्लुकोज लागतं. हा आकडा समीकरणातून येत नाही, प्रयोगानं ठरवलेला आहे. आठाऐवजी अंदाजानं पंधरा थेंब टाकणं म्हणूनच निष्काळजीपणा ठरतो.

स्पिरिटच्या दिव्यापासून कागदी पट्टीपर्यंत

1922 मध्ये टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि मधुमेही माणसं जगू लागली. आज औषध किती घ्यायचं, हा प्रश्न मग रोजचा झाला. घरी रक्त तपासायचं साधन तेव्हा नव्हतं. स्पिरिटचा दिवा, चिमटा, नळी आणि निळी बाटली हीच कित्येक दशकं अनेक रुग्णांची घरातली प्रयोगशाळा होती. 1941 मध्ये याच तत्त्वावरची क्लिनिटेस्ट ही गोळी आली. ती टाकली की द्रावण आपोआप तापायचं, दिव्याची गरज उरली नाही. 1956 मध्ये क्लिनिस्टिक्स ही कागदी पट्टी आली. हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या कामातून ती घडली. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असतं आणि ते फक्त ग्लुकोजवर काम करतं. आज रक्तातली साखर घरच्या घरी मोजता येते. तरीही परिचारिकांच्या आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या शिक्षणात बेनेडिक्टची चाचणी शिकवली जाते.

निळा रंग काय सांगत नाही

नळी निळी राहिली म्हणजे मधुमेह नाही, असा अर्थ कुणीही काढू नये. मूत्रपिंडं रक्तातलं ग्लुकोज लघवीत जाऊ न देता परत घेतात. रक्तातलं प्रमाण साधारण 180 मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर गेलं तरच ते लघवीत उतरू लागतं. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा तपासूनही आला तर मधुमेह धरला जातो. म्हणजे उपाशीपोटी 150 असलेल्या माणसाला मधुमेह आहे आणि त्याच वेळी त्याची नळी निळीशार असू शकते. साखर धोकादायक रीतीनं खाली गेली आहे का, हे तर ही चाचणी सांगूच शकत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. भरपूर व्हिटॅमिन सी घेतलं असेल तर ते लघवीत उतरून तांब्याचं क्षपण करतं. बाळंतपणाच्या आसपास आईच्या लघवीत लॅक्टोज येऊ शकतं. काही प्रतिजैविकंही रंग पालटवतात. काही जणांची मूत्रपिंडं जन्मतःच ग्लुकोज सोडतात, रक्तातलं प्रमाण ठीक असलं तरी. आणि अलीकडे मधुमेहावर डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं देतात. त्यांचं कामच लघवीवाटे ग्लुकोज बाहेर टाकणं आहे. अशा रुग्णाची नळी लाल झाली तर औषध काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ.

पण काटेकोर नसण्याचा हाच गुण एका ठिकाणी जीव वाचवायला मदत करतो. गॅलॅक्टोसेमिया हा क्वचित आढळणारा जन्मजात आजार. दुधातल्या लॅक्टोजपासून निघणारं गॅलॅक्टोज अशा बाळाला पचवता येत नाही. दूध पाजत राहिलं तर यकृत, डोळे, मेंदू यांना इजा होते. त्याच्या लघवीत ग्लुकोजची पट्टी रंग दाखवत नाही, कारण तिला फक्त ग्लुकोज कळतं. बेनेडिक्टचं द्रावण मात्र गॅलॅक्टोजनंही लाल होतं. पट्टी कोरी आणि नळी लाल, असा जोड दिसला की डॉक्टर सावध होतात आणि खात्रीच्या तपासण्या होईपर्यंत दूध थांबवतात. एकेकट्या चाचणीनं जे सांगितलं नसतं, ते दोघींच्या उत्तरांमधल्या फरकानं कळतं.

शाळेत हे कसं शिकवावं

आपल्याकडे ही चाचणी बहुतेकांना प्रात्यक्षिकाच्या वहीतून भेटते. निरीक्षण: विटकरी अवक्षेप. अनुमान: क्षपणकारी शर्करा आहे. दोन ओळी लिहिल्या, सही झाली, विषय संपला. मला हे फार नुकसानीचं वाटतं. एवढ्या स्वस्तात रेणूची रचना डोळ्यांना दाखवणारे प्रयोग थोडेच आहेत. मुलांच्या हातात एकटं ग्लुकोज न देता साखर, गूळ, मध, दूध आणि पेज द्यावी. तापवण्याआधी कुठली नळी लाल होईल याचा अंदाज त्यांना कारणासह लिहायला लावावा. ज्यांचा अंदाज साखरेपाशी चुकेल, त्यांना सुक्रोजची रचना पुन्हा शिकवावी लागणार नाही. काळजी एवढीच घ्यायची, की मोरचूद विषारी आहे, उकळतं द्रावण नळीबाहेर उसळू शकतं आणि हा खेळ शिक्षकांच्या देखरेखीशिवाय करायचा नाही.

यातून मिळणारी सवय रसायनशास्त्रापुरती राहत नाही. पुढे आयुष्यात हातात रक्ताचा अहवाल येतो, मातीपरीक्षणाची पत्रिका येते, दुधाच्या भेसळीची चाचणी येते. प्रत्येक वेळी आकड्याच्या आधी विचारायचा प्रश्न एकच: ही चाचणी नेमकं काय मोजते आणि काय मोजत नाही? हा प्रश्न ज्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षी बेनेडिक्टच्या नळीसमोर पडला, तो मोठेपणी कुठल्याही अहवालानं उगाच घाबरणार नाही आणि उगाच निर्धास्तही होणार नाही.